टिकटिकणारे तात्या

या गल्लीत मी नवीन राहायला आले तेव्हाची गोष्ट. शाळेला उशीर झालेला आणि माझी जुनी स्कूटर नेमकी त्याच दिवशी रुसलेली. मी किकवर किक मारत होते. तेवढ्यात शेजारच्या कट्ट्यावरून खणखणीत आवाज आला, "बाईंनी पहिली किक मारलेली हाय... गाडीनं दाद दिलेली न्हाय. दुसरी किक... अरारारा, थोडक्यात हुकली! प्रेक्षक हळहळलेले हायती."

प्रेक्षक म्हणजे अख्खी गल्ली. दारादारांतून डोकी बाहेर आली. मला असा राग आला, की पर्स गाडीच्या सीटवर आपटून मी त्या माणसाकडे वळले. पांढरा लेंगा, कॉलरचा सदरा, खांद्यावर टॉवेल आणि चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद, की भांडण कुठून सुरू करावं तेच कळेना. तो उठून आला, गाडी एका अंगावर तिरकी केली, सरळ केली आणि एक किक मारली. गाडी सुरू झाली. "आणि गोल," असं हळूच म्हणून तो परत कट्ट्यावर जाऊन बसला.

हे दिनकरतात्या. पुढं मला कळलं, की ज्या आवाजावर मी भांडायला निघाले होते, तो ऐकायला लोक तिकीट काढून जातात.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्ती आठवते. पण इथं पेठापेठांतली खरी खुन्नस फुटबॉलची. सामना असला की रस्ते ओस पडतात, सुना माहेरच्या टीमची बाजू घेतात आणि दोन दिवस घरात अबोला राहतो. आमच्या पेठेचं हाडवैर पाण्याच्या टाकीपलीकडच्या पेठेशी. त्या पेठेचं नावसुद्धा आमच्याकडं कुणी घेत नाही. नुसतं 'टाकीपलीकडचे' म्हणायचं. आणि या सगळ्या सामन्यांची कॉमेंट्री करायचे तात्या. मला ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही, पण तात्यांची कॉमेंट्री मला पाठ आहे, कारण मैदान आमच्या गल्लीच्या मागंच आहे आणि त्यांच्या आवाजाला भिंतींचं काही वाटत नसे.

माईकला रुमाल गुंडाळायचा, एक खडीसाखर गालात ठेवायची आणि उभं राहायचं. अख्ख्या सामन्यात ते कधी बसले नाहीत. खेळणारे धावतात आणि बोलणाऱ्यानं बसावं, हे त्यांना पटत नसे. शिवी एकसुद्धा नाही. "माननीय रेफरीसाहेब आज चष्मा घरी विसरलेले दिसतात, त्यांच्या मंडळींनी तो गेटवर आणून द्यावा ही विनंती," एवढं म्हटलं की काम भागायचं. गडी धडपडला की म्हणायचे, "गडी पडला तर चालतंय, आवाज पडता कामा न्हाय!" आणि मग प्रेक्षक त्याच्यासाठी ओरडायचे.

आणि त्यांचा गोल! तो एका श्वासात असायचा. मी स्वयंपाकघरात नळाखाली कळशी लावलेली असली आणि त्यांनी 'गो' म्हटलं, तर 'ल' येईपर्यंत कळशी भरायची. अर्थात हे आमच्या पेठेनं गोल केला तर. टाकीपलीकडच्यांनी केला तर तांब्याच भरायचा. ते लोक दरवर्षी तक्रार करायचे, "तात्या, तुमच्या गोलला कळशी आन आमच्याला तांब्या, ह्ये काय बरं न्हाय." तात्या साळसूदपणे म्हणायचे, "मी काय करू? वाऱ्याची दिशाच तशी हाय."

नोकरी त्यांनी महापालिकेच्या पाणीखात्यात केली. व्हॉल्व्हमन. लांब दांड्याची किल्ली खांद्यावर टाकून हिंडायचं आणि गल्लोगल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं. आणि नियतीनं चेष्टा अशी केली, की लहानपणीच्या कसल्याशा तापानं त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली निघाली आणि मोठं ऑपरेशन करून तिथं धातूची बसवावी लागली. मी ही गोष्ट रचली असती तर माझ्या विद्यार्थ्यांनीही विश्वास ठेवला नसता. तात्या मात्र अभिमानानं सांगायचे, "जल्मभर पेठेचे व्हॉल्व्ह फिरवले, शेवटाला देवानं माझाच बदलला."

ही झडप वाजायची. टिक, टिक, टिक. गडबडीत कळायचं नाही, पण जवळ शांत बसलं की स्पष्ट ऐकू यायचं. गल्लीतली पोरं त्यांच्या छातीला कान लावायला रांग लावत. काकी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "पयल्यांदा लई भ्या वाटायचं. आता त्या आवाजाबिगर झोप लागत न्हाय बघा. हे गावाला गेले की मी कूस बदलत बसतो." काकी कोल्हापूरच्या अस्सल, त्यामुळं स्वतःबद्दल 'बसतो'च म्हणायच्या.

एकदा शेजारी एक आजोबा गेले म्हणून आम्ही सगळे भेटायला बसलो होतो. गडहिंग्लजहून त्यांचे पाहुणे आलेले. कुणी काही बोलत नव्हतं आणि त्या शांततेत टिकटिक चाललेली. एक पाहुणे वैतागून म्हणाले, "अहो, ते घड्याळ तेवढं कुणीतरी बंद करा की." तात्या अदबीनं म्हणाले, "पावणं, ह्ये बंद पडलं तर उद्या परत हितंच येऊन बसाया लागंल." त्या दुःखाच्या घरात लोक तोंडात पदर आणि टॉवेल कोंबून हसले.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची होती. ती चुकवून चालत नाही आणि जास्तही होऊन चालत नाही. तात्यांनी त्याचाही सोहळा केला होता. रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर जायचं, समोर म्हैस पिळून दिलेल्या फेसाळ दुधाचा ग्लास हातात घ्यायचा, आणि "गोळी मैदानात उतरलेली हाय" अशी घोषणा करून ती गिळायची. कट्ट्यावरचे लोक त्यावर घड्याळं लावत असत, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग ते वर्ष आलं.

मोसमातला सुरुवातीचाच सामना होता. आमच्या पेठेनं गोल केला. मी घरात पोळ्या लाटत होते. 'गो' आला आणि मध्येच तुटला. खोकला नाही, माईक बंद पडला नाही. श्वासच पुरला नाही. तांब्यासुद्धा भरला नसता. पुढच्या सामन्यात तर बातमीच आली, की तात्या खुर्चीवर बसले. आमच्या गल्लीत ती बातमी एखाद्या अपघातासारखी सांगितली गेली.

रंग उतरला होता. ओठ पांढरे, तळहात पांढरे, नखं पांढरी. घराच्या तीन पायऱ्या चढून कट्ट्यावर टेकले की बराच वेळ नुसते बघत बसायचे. माझी स्कूटर सुरू झाली नाही तरी गप्प. एकदा मीच म्हटलं, "तात्या, दुसरी किक हुकली बरं का." ते हसले आणि हातानंच 'जा' म्हणाले. त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागलं नाही.

रक्त तपासलं तर निम्म्यावर आलेलं. ही बातमी पेठेत फुटली आणि पेठेनं तात्यांवरचं प्रेम आपल्या पद्धतीनं व्यक्त केलं, म्हणजे चुलीवर. रक्तानं रक्त वाढतं, हे आमच्याकडचं शास्त्र. बोकडाचं रक्त कांदा आणि चटणी घालून परतायचं, त्याला रक्ती म्हणतात. तर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून रक्तीचा डबा यायला लागला. मटणाच्या दुकानात तात्यांचा वाटा आधी बाजूला निघायचा. मी शाकाहारी, म्हणून मी बिटाची कोशिंबीर नेऊन दिली. ती त्यांनी कुणाला खायला घातली, हे मला अजून कळलेलं नाही.

सोबत दुसरं एक शास्त्र पसरलं. "गोळी रक्त पातळ करती, म्हणून तर रक्त संपलं," असं कट्ट्यावर ठरलं. "टाका की ती गोळी गटारात," असा ठराव झाला. तात्याही डळमळले. काकींनी घाबरून मला सांगितलं आणि मी दोघांना रिक्षात घालून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

या बाई जयसिंगपूरच्या, जैन घरातल्या. वयानं तात्यांच्या मुलीएवढ्या, पण तात्या त्यांच्यासमोर सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावून बसायचे. त्यांनी आधी दटावलं, "गोळी मनानं बंद करायची नाही. बंद केलीत तर झडप अडकेल, किंवा गुठळी मेंदूत जाईल. गोळी रक्त खात नाही, तात्या. कुठंतरी रक्त जात असेल, तर ते थांबू देत नाही. मला ते 'कुठंतरी' शोधायचंय." मग सरळ विचारलं, "शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

तात्यांनी छताकडं बघितलं. "छे छे. एकदम क्लीन."

"दुसरं कसलं औषध? दुखण्याबिखण्यावर?"

"कसलं बी न्हाय."

काकींनी तोंड उघडलं होतं, पण टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय पडलेला मला दिसला. बाईंनी शौचाच्या तपासणीसाठी एक छोटी डबी दिली. ती डबी तात्यांनी जिन्यातच काकींच्या पिशवीत तळाला सारली. असल्या डब्या हातात धरून पेठेतून जायचं म्हणजे काय! आणि तिथंच काकी फुटल्या, "खोटं का बोललासा?"

"अगं, त्या जैन हायती," तात्या धापा टाकत म्हणाले. "कांदासुद्धा खात नसतील. त्यांच्या तोंडावर, मी रोज बोकडाचं रगात खातो म्हणून सांगू? काय वाटंल त्या माउलीला? आन काळं व्हणारच की. रोज रक्ती खाल्ल्यावर काय पांढरं व्हईल?"

मला त्या वेळी त्यांचं म्हणणं पटलंसुद्धा, हे कबूल करायला हवं. इतकं सभ्य कारण होतं ते. दुसऱ्याच्या धर्माला आपल्या पोटाचा त्रास नको, म्हणून माणूस स्वतःचं दुखणं लपवत होता. बाईंच्या मनाला लागू नये यासाठी जपलेली ती माया त्यांच्याच जिवावर उठली होती आणि आम्हा तिघांपैकी एकालाही ते दिसलं नाही.

त्याच आठवड्यात तात्या दूधकट्ट्यावर कोसळले. ग्लास एका हातात, गोळी दुसऱ्या हातात. घोषणा झालीच नाही.

दवाखान्यात खाटेवर ते चादरीच्या रंगाचे झाले होते. डॉक्टरीणबाई आल्या आणि काकींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "बाई, मला माफ करा. हे रोज रक्ती खात्यात. काळं बी व्हतंय, लई दिसांपासनं. आन गुडघा दुखतो म्हणून मेडिकलातनं गोळ्या आणून खात्यात, त्या बी सांगितल्या न्हाईत. तुम्हांला वंगाळ वाटंल म्हणून बोलले न्हाईत हे."

बाईंचे डोळे भरलेले मी पाहिले. मग खाटेवर वाकून म्हणाल्या, "तात्या, माझ्या घरात मटण शिजत नाही. पण माझ्या दवाखान्यात सगळ्या गावाची पोटं येतात. तुम्ही मला जपायला गेलात आणि गळती लपवलीत. त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी जठरात जखम झालीय, आणि रक्त पातळ असल्यामुळं ती झिरपत राहिलीय. काळं होत होतं ते बोकडाचं नव्हतं. ते तुमचं होतं."

तात्यांनी डोळे उघडले. पाणीखात्यातला माणूस, गळती हा शब्द त्यांच्या आत पोचला. रस्त्याला लोखंडी गज टेकवून, त्याला कान लावून फुटलेली पाइप शोधण्यात त्यांची हयात गेलेली. ते कुजबुजले, "म्हंजे खालनं पाइप फुटलेली... आन आमी वरनं बादल्या वतत बसलो व्हय?"

"व्हय," बाई म्हणाल्या. जयसिंगपूरच्याच की त्या.

पुढचे दिवस वाईट गेले. दुर्बीण घालून जखम बंद केली. पण ती भरेपर्यंत रक्त पातळ ठेवायची गोळी थांबवणं भाग होतं, आणि ती थांबली की झडपेला धोका. देत राहावं तर रक्त वाहून जाणार, थांबवावं तर झडप अडकणार. बाई त्यांना मोजून सोडलेल्या इंजेक्शनावर ठेवून होत्या आणि सारख्या येऊन छातीला नळी लावून ऐकत होत्या. काकींकडं नळी नव्हती. त्या खाटेला टेकून, त्यांच्या छातीजवळ डोकं ठेवून बसायच्या. मी डबा घेऊन गेले की बोटानंच खूण करायच्या, चालू आहे म्हणून. त्या दिवसांत मी देवाकडं दुसरं काही मागितलं नाही.

रक्त द्यायला आमच्या पेठेची पोरं आलीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीच्या दारात टाकीपलीकडची टीम जर्सी घालून उभी. आमची पोरं चपापली. त्यांचा कॅप्टन म्हणाला, "मैदानावर बघून घेऊ की. तात्या आमचं बी हायती." कुणाची पिशवी कुणाला लागली हे कुणी सांगत नसतं. पण तात्यांनी ठरवूनच टाकलं, की आपल्याला टाकीपलीकडचंच रक्त चढलंय. जरा बसायला लागल्यावर मला म्हणाले, "बाई, गोची झाली. आता आत कोण खेळतंय त्येचा पत्ता न्हाय."

घरी आले ते अटींवर. गुडघ्याच्या गोळ्या बंद, खुर्ची सक्तीची, रक्त पातळ ठेवायची गोळी पुन्हा सुरू. आणि बाईंची शेवटची अट, "काय खाल्लं, काय झालं, सगळं मला सांगायचं. मी नाक मुरडणार नाही." ही अट घालून बाईंनी संकट ओढवून घेतलं. तात्या दर महिन्याला जायचे आणि भरलेल्या दवाखान्यात, दारातूनच, आपल्या खणखणीत आवाजात सकाळचा रंग जाहीर करायचे. "आजची परिस्थिती पिवळी हाय, डॉक्टरीणबाई! काळजीचं कारण न्हाय!" बाकीचे पेशंट आपलं दुखणं विसरायचे.

पुढच्या मोसमाच्या अंतिम सामन्याला ते परत माईकवर बसणार होते. समोर टाकीपलीकडचेच. काकी म्हणाल्या, "बाई, तुमी बी चला. माजा जीव थाऱ्यावर न्हाय." मी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेले.

सुरुवातीला टाकीपलीकडच्यांच्या एका जुन्या गोलकीपरला श्रद्धांजली होती. सगळे उठून उभे राहिले. मैदान चिडीचूप झालं. आणि सगळ्या भोंग्यांतून हळू, स्पष्ट आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक. तात्या उभे होते, हात जोडलेले, आणि जोडलेल्या हातांत माईक छातीशी धरलेला. तो बंद करायचा राहून गेला होता. हजारो माणसं खाली मान घालून ऐकत होती. कुणी हसलं नाही. काकींनी माझा हात घट्ट धरला होता. वेळ संपली तरी कुणी हलेना, आणि मग पलीकडच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "तात्या, चालू हाय न्हवं?"

"चालू हाय!" भोंग्यातून उत्तर आलं. "बसा खाली, मॅच सुरू करूया."

सामन्यातलं मला काही कळलं नाही. एवढं कळलं, की शेवटाकडं टाकीपलीकडच्यांनी गोल केला. आमच्या बाजूला सुतक पसरलं. आणि तात्या डॉक्टरीणबाईंची अट मोडून खुर्चीवरून उठले. 'गो' सुरू झाला. तो वर गेला, पसरला, तुटला नाही. काकींचे ओठ हलत होते, तात्यांच्या श्वासाबरोबर त्या श्वास धरून होत्या. भोंगे कापत होते. मी मनात नळाखाली कळशी लावली. ती भरली, वरून वाहायला लागली, आणि तेव्हा कुठं 'ल' आला. आमच्या पेठेतला कुणीतरी कपाळावर हात मारून म्हणाला, "गेलं! तात्यांचं रगात फिरलं!" आणि मग आमचीच बाजू टाळ्या वाजवायला लागली, हरता हरता.

मैदानावरच्या तात्यांना मी पाहिलं ते तेवढंच. मी वळून बघितलं तेव्हा ते रुमालानं माईक पुसत होते आणि खडीसाखर दुसऱ्या गालात सरकवत होते.

त्यानंतर काही वर्षं ते कट्ट्यावर होते, माझ्या स्कूटरवर बोलत होते, दुधाबरोबर गोळी मैदानात उतरवत होते. मग एका पहाटे झोपेतच गेले. कसला त्रास नाही, कुणाला हाक नाही. मी धावत गेले तेव्हा काकी त्यांच्याजवळ बसल्या होत्या, हात त्यांच्या छातीवर. मला बघून म्हणाल्या, "एवढी वर्सं त्या आवाजानं झोप लागायची बघा, बाई. आज आवाज थांबला, आन जाग आली."